हाताने शिवलेल्या चामडी होल्स्टरमधील रिव्हेट आणि टिच बटणांमुळे हत्यारावर ओरखडे पडू नयेत म्हणून काय करावे?

टाकादोरा, जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात चामड्याचे पट्टे, पिशव्या आणि पाकिटे हाताने शिवतो. अलीकडे परवानाधारक मंडळी रिव्हॉल्व्हरसाठी कमरेला लावायचे होल्स्टर मागू लागली आहेत. त्यांत शहरातले व्यापारी आहेत आणि मोहोळ, बार्शी, मंगळवेढा या भागांतले बागायतदारही आहेत. बहुतेकांकडे कानपूरला बनलेले .३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे, नळी खाली झुकवून उघडणारे रिव्हॉल्व्हर असते. परवाना मिळवताना झालेली धावपळ आणि हत्याराची किंमत लक्षात घेता, त्यावर साधी रेघ उमटली तरी मालकाच्या जिवाला लागते, आणि ते स्वाभाविकच आहे.

माझी रचना साधी आहे. झाडाच्या सालीत कमावलेले सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीचे कातडे मी एकेरीच वापरतो. कमरपट्टा ओवण्यासाठी मागच्या बाजूला एक पट्टी दुमडून ती तांब्याच्या दोन रिव्हेटांनी पक्की करतो. रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावरून (गोळी डागणाऱ्या हातोडीवरून) येणारा छोटा पट्टा पुढच्या बाजूला टिच बटणाने बंद होतो. ही दोन्ही कामे मजबूत होतात आणि दिसायलाही चांगली दिसतात. अडचण आहे ती आतल्या बाजूला. रिव्हेटची टोपी आणि टिच बटणाच्या खालच्या नळीची पसरलेली कड या दोन्ही गोष्टी थेट हत्याराकडे तोंड करून बसतात.

नवीन होल्स्टर ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी मी ते सागवानी ठोकळ्यावर तपासतो. या ठोकळ्याला फक्त बाहेरचा आकार आहे आणि त्यावर काळ्या लॅकरचे दोन हात दिलेले आहेत. ठोकळा आत-बाहेर करत राहिल्यावर दोन ठिकाणी लॅकर जाते. डाव्या अंगाला, सिलिंडरच्या फुगवट्यावर, रिव्हेटांच्या रेषेत एक आखूड रेघ उमटते, तर उजव्या अंगाला बटणाच्या मागे लांब आणि बारीक रेघ उमटते. लॅकर जात असेल तर पोलादावरचा निळसर-काळा मुलामाही कालांतराने जाणार, अशी मला भीती वाटते.

मला सुचवले गेलेले उपाय असे आहेत : रिव्हेटच्या टोपीवर नेलपॉलिश किंवा एपॉक्सी लावणे, इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावणे, किंवा संपूर्ण आतून मऊ स्वेडचे (मखमलीसारखे तंतू वर असलेल्या कातड्याचे) अस्तर देणे. पहिले दोन मला तकलादू वाटतात. अस्तराविषयी मनात शंका आहेत, कारण त्यामुळे जाडी वाढते आणि आतली पकड बदलते. या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे. धातूचे सामान ठेवूनच मार्ग निघत असेल तर उत्तमच, परंतु रचना बदलावी लागली तरी माझी तयारी आहे.

रापी_आणि_आरी

आपण प्रश्न फार नेमकेपणाने मांडला आहे. ठोकळ्यावर लॅकर देऊन आधीच तपासण्याची पद्धत तर प्रत्येक कारागिराने उचलावी अशी आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो : धातू झाकण्याचा विचार दुसऱ्या क्रमांकाचा आहे, पहिला विचार धातू हत्याराच्या वाटेतून बाजूला काढण्याचा असावा. झाकलेली वस्तू कधी ना कधी उघडी पडते, पण जी वस्तू वाटेतच नाही तिच्यावर पुढे लक्ष ठेवावे लागत नाही.

हत्याराची ‘वाट’ म्हणजे फक्त ते आत बसलेले असताना जेवढी जागा व्यापते तेवढीच नव्हे. ते बाहेर येताना आणि परत आत जाताना ज्या ज्या भागावरून सरकते, तो सगळा भाग वाटेत येतो. हे कागदावर काढून पाहणे सोपे आहे. जाड कागदावर ठोकळ्याची बाह्यरेषा काढून तो आकार कापून घ्यावा. होल्स्टरच्या फर्म्यावर (कातडे कापायच्या नमुन्यावर) तो बसलेल्या जागी ठेवावा आणि मग हत्यार ज्या कोनात ओढले जाते त्याच कोनात तो हळूहळू वर सरकवत, थोड्या थोड्या अंतरावर पेन्सिलने कडा आखत जावे. शेवटी फर्म्यावर जो पट्टा तयार होतो, त्या पट्ट्यात एकही धातूची वस्तू आतल्या बाजूने उघडी येता कामा नये. पुष्कळ फर्मे या कसोटीवर पहिल्याच दिवशी उतरत नाहीत, कारण आपण बसलेल्या हत्याराचाच विचार करतो आणि सिलिंडरचा फुगवटा वर येताना कोणत्या रिव्हेटवरून घासत जातो ते पाहायचे राहून जाते. आपल्या ठोकळ्यावरची आखूड रेघ हेच सांगते आहे.

आता कमरपट्ट्याच्या पट्टीकडे येऊ. तिला रिव्हेट लागतातच असे नाही. मागचा पत्रा, म्हणजे कातड्याचा सपाट तुकडा, कापतानाच ही पट्टी त्याला जोडून अखंड कापावी, मागे दुमडावी आणि खालच्या टोकाला मेण लावलेल्या जाड दोऱ्याने दोन सुयांची दुहेरी शिवण घालावी. टाके आतल्या बाजूला कातड्याच्या पृष्ठभागाच्या खाली बसावेत म्हणून शिवणीच्या रेषेत बारीक चर काढून घ्यावा, म्हणजे दोराही घासला जात नाही. ज्यांना रुंद होल्स्टर चालते त्यांच्यासाठी याहूनही चांगली रचना आहे. दोन्ही पत्र्यांना शिवणीच्या बाहेर पंखासारखे भाग ठेवावेत आणि त्यांतच कमरपट्टा ओवायच्या उभ्या खाचा पाडाव्यात. मग मागच्या पट्टीची गरजच उरत नाही आणि हत्यार कमरेला अधिक चपखल बसते.

या निमित्ताने आपल्याच भागातल्या कामाची आठवण करून द्यावीशी वाटते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे त्यात आले. त्या चपलेचे पारंपरिक काम खिळ्याशिवाय, केवळ कातडी वादीने शिवून होते, आणि माणसाचे पूर्ण वजन ती रोज झेलते. पाऊण किलोच्या आसपासचे हत्यार शिवणीवर राहणार नाही, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

टिच बटणाचा प्रश्न मात्र निराळा आहे, कारण तिथे धातू हवाच. इथे एक सोपी युक्ती आहे. बटणाचा खालचा भाग, म्हणजे ज्यावर टोपी चपखल बसते तो उंचवटा, होल्स्टरच्या मुख्य पत्र्याला आरपार भोक पाडून बसवूच नये. दोन मिलिमीटर जाडीच्या कातड्याचा एक वेगळा लहान तुकडा घ्यावा, बटण त्या तुकड्यात बसवावे आणि मग तो तुकडा मुख्य पत्र्याच्या बाहेरच्या बाजूने चारही कडांनी शिवून टाकावा. हे काम अर्थातच दोन पत्रे एकमेकांना जोडण्याआधी करायचे आहे. अशा वेळी बटणाची मागची कड त्या तुकड्याच्या आणि मुख्य पत्र्याच्या मध्ये बंदिस्त राहते आणि हत्याराला संपूर्ण जाडीचे कातडेच लागते. मुख्य पत्र्यावर त्या जागी रापीने (चामडे कापायच्या हत्याराने) अगदी उथळ खळगा केला तर बटण बाहेर फुगलेलेही दिसत नाही. फक्त खळगा कातड्याच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नसावा, नाहीतर तिथे कातडे दुबळे होते.

आणि जिथे रिव्हेट टाळताच येत नाही, तिथे तीन गोष्टींची काळजी घ्यावी. तांब्याच्या भरीव रिव्हेटचे सपाट, रुंद डोके हत्याराच्या बाजूला ठेवावे आणि चकती चढवून ठोकलेले टोक बाहेरच्या बाजूला ठेवावे. पुष्कळ जण नेमके उलटे करतात, कारण बाहेरून सपाट डोके अधिक नीटनेटके दिसते. दुसरे म्हणजे टिच बटणाच्या नळीची लांबी कातड्याच्या जाडीला जुळणारी असावी. नळी लांब झाली तर ठोकताना ती एका अंगाला कलते आणि पाकळ्यांसारखी फाटते, आणि त्या पाकळ्याच हत्यार ओरबाडतात. बटणाच्या मापाचाच ठसा आणि ऐरण वापरली तर कड गोल वळून खाली बसते. तिसरे, बसवून झाल्यावर बोटाने चाचपून समाधान मानू नये, कारण कारागिराच्या बोटांची कातडी जाड झालेली असते. कापसाचा छोटा बोळा घ्यावा आणि धातूच्या कडेवरून सर्व दिशांनी फिरवावा. एक जरी तंतू अडकला तरी तिथे धस आहे असे समजावे, बारीक कानशीने ती काढावी, वर पाण्याचा बारीक पॉलिश पेपर फिरवावा आणि पुन्हा बोळा फिरवून पाहावा.

नेलपॉलिश आणि चिकटपट्टी यांबाबत आपला अंदाज बरोबर आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा चिकटपट्टीचा गोंद पातळ होऊन सरकतो आणि पट्टीची कड सुटून हत्याराला चिकटते. नेलपॉलिशचे कठीण पापुद्रे निघतात आणि तेच आत पडून घासत राहतात.

बँकेचा_रखवालदार

मी सैन्यातून निवृत्त झालो असून सध्या एका बँकेत बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहतो. टाकादोरा मालक, होल्स्टरबरोबर बंदुकीच्या पट्ट्याकडेही जरूर लक्ष द्या. पट्ट्याचे बक्कल खांद्याच्या मागे येते तेव्हा ते दस्त्याच्या लाकडावर आदळते आणि पॉलिश उडवते. मी बक्कलाच्या खाली, पट्ट्यालाच शिवलेली कातड्याची एक रुंद जीभ ठेवून घेतली आहे. बक्कलापेक्षा ती सर्व बाजूंनी बोटभर मोठी आहे. तेव्हापासून लाकडाला काही झालेले नाही.

होल्स्टरला आतून स्वेडचे अस्तर द्यावे असे माझे मत आहे. ते मऊ असते आणि धातूला पूर्ण झाकते. दुसरी विनंती अशी की, होल्स्टरवर काडतुसांसाठी कातडी खाने शिवू नयेत, किंवा शिवले तर मालकाला ते फक्त बाळगण्यापुरते वापरायला सांगावे. पितळी काडतुसे कातड्यात दीर्घकाळ राहिली की त्यांवर हिरवा मेणचट थर चढतो, आणि तो थर घेऊन काडतूस खोबणीत नीट बसत नाही.

निवृत्त_आर्मोरर

वरची दोन्ही उत्तरे वाचली. रचनेविषयी रापी_आणि_आरी यांनी जे सांगितले त्यात मला बदल सुचवायचा नाही. मला धातूच्या बाजूने काही सांगायचे आहे, आणि स्वेडच्या बाबतीत रखवालदार साहेबांशी आदराने असहमती नोंदवायची आहे.

प्रथम, ओरखडा नेमका कशाचा आहे हे ओळखायला हवे. पोलादावरचा निळसर-काळा मुलामा म्हणजे रंगाचा थर नसतो. तो पोलादाच्याच पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रियेने तयार केलेला लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तो गंजापासून थोडे संरक्षण देतो तेही मुख्यतः तेल धरून ठेवतो म्हणून. होल्स्टरमध्ये सतत ये-जा झाली की नळीचे तोंड, माशीची (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्याची) धार आणि सिलिंडरच्या कडा हळूहळू पांढऱ्या पडतात. ही झीज सर्वांत चांगल्या चामड्यातही होते आणि ती पसरट, मऊ कडांची असते. धातूच्या वस्तूने पडलेली खूण निराळी दिसते. ती एकच असते, ओढण्याच्या दिशेला समांतर असते आणि दर वेळी त्याच जागी खोल होत जाते. भिंग घेऊन पाहिले तर आणखी एक भेद कळतो. रेघ सोनेरी किंवा तांबूस झाक मारत असेल तर पितळ किंवा तांबे पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे त्याचाच लेप पोलादावर चढलेला असतो, आणि तो सुती कापडाने व तांबे काढणाऱ्या सौम्य द्रावणाने बराचसा निघतो. रेघ चकाकत्या पांढऱ्या रंगाची असेल तर मुलामा खरोखर गेलेला आहे, आणि तिथे तेलाचा हात फिरवत राहणे आवश्यक आहे. ग्राहक तक्रार घेऊन आला तर आधी एवढे पाहून घ्यावे.

पांढऱ्या रेघा अनेक असतील, वेड्यावाकड्या असतील आणि समोर धातूची कोणतीच वस्तू नसेल, तर त्या धुळीने पडलेल्या आहेत असे समजावे. माझा स्वेडला विरोध आहे तो इथेच. स्वेडचे उभे तंतू रस्त्यावरची आणि शेतातली धूळ धरून ठेवतात. धुळीतले वाळूचे कण पोलादावर ओरखडा काढण्याइतके कठीण असतात आणि एकदा तंतूंत रुतले की झटकून निघत नाहीत. मोटारसायकलवरून मळ्यात जाणाऱ्या माणसाचे स्वेड लावलेले होल्स्टर काही महिन्यांत आतून पॉलिश पेपर होते. शिवाय स्वेड घाम आणि पावसाळी ओल दोन्ही धरून ठेवते. अस्तर द्यायचेच तर गुळगुळीत बाजू हत्याराकडे येईल असे, सालीत कमावलेले पातळ कातडे द्यावे. शेळीचे किंवा वासराचे एक मिलिमीटरच्या आसपासचे कातडे या कामाला फार चांगले. ते कोरड्या फडक्याने पुसता येते आणि त्यावर अडकलेला कण डोळ्याला दिसतो.

कातडे कसे कमावले आहे याची चौकशी मी मुद्दाम करायला सांगेन. क्रोमने कमावलेले कातडे पिशवीला ठीक आहे, परंतु त्यात उरलेले क्षार ओलाव्याबरोबर पोलादाला गंज चढवतात आणि पितळही काळवंडवतात. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे याबाबतीत पुष्कळ बरे, पण तेही किंचित आम्लधर्मी असते हे विसरू नये. त्यातला टॅनिनचा अंश आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा डाग पडतो. जुने कारागीर गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून कातडे काळे करत असत, त्यामागे हीच क्रिया आहे. म्हणून ओल्या कातड्याला आकार देताना ठोकळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि त्या वेळी लोखंडी सामान कातड्यात असू नये.

सामान खरेदी करताना खिशात लोहचुंबक ठेवावा. सोलापुरातल्या मधल्या मारुतीच्या बाजारात बॅगांसाठी मिळणारी चकचकीत टिच बटणे दिसायला पितळी किंवा निकेलची वाटतात, पण त्यातली बरीच लोखंडावर मुलामा दिलेली असतात. चुंबकाला चिकटले तर घेऊ नये. कमरेचा घाम लागून मुलामा सुटला की गंजाचे खवले तयार होतात, आणि गंजाचा खवला पितळी कडेपेक्षा कितीतरी वाईट ओरखडतो. भरीव पितळ किंवा स्टेनलेस घ्यावे. पितळावर कातड्यातल्या चरबीमुळे हिरवा थर येतोच, तो अधूनमधून कापडाने पुसावा असे मालकाला सांगावे.

मालकाला आणखी एक गोष्ट लेखी द्यावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे. होल्स्टर हे हत्यार बाळगण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. घरी आल्यावर हत्यार बाहेर काढून, रिकामे करून, तेलाचे फडके फिरवून कुलपात ठेवावे. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो, तेव्हा ते चामडी कव्हरसह जमा करू नये. कपाटात पडून राहिलेल्या त्या आठवड्यांत कातडे ओल शोषते, आणि परत मिळालेल्या हत्यारावर जिथे जिथे कातडे टेकले होते तिथे गंजाचे ठिपके दिसतात. कित्येक मालक त्याचाही दोष होल्स्टर शिवणाऱ्याला देतात.

मोजमापाबद्दल आपण ठोकळा वापरता हे वाचून बरे वाटले. परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्याचे हत्यार स्वतःजवळ ठेवून घेणे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा ठरतो. त्यामुळे मापे घ्यायची ती मालकाने स्वतः हत्यार रिकामे करून आणल्यावर, काडतुसे दुसरीकडे ठेवून, त्याच्या समक्षच घ्यावीत. ‘दोन दिवस तुमच्याकडेच राहू द्या’ असे कोणी म्हटले तर स्पष्ट नकार द्यावा.

टाकादोरा, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. कमरपट्ट्याची पट्टी अखंड कापून शिवण्याचे मी ठरवले आहे आणि बटण वेगळ्या तुकड्यावर बसवण्याची युक्ती आजच ठोकळ्यासाठी शिवलेल्या एका नमुन्यावर करून पाहिली. उजव्या अंगाची लांब रेघ पूर्णपणे थांबली.

आता दोन शंका उरल्या आहेत. काही ग्राहकांना अस्तर हवेच आहे, तर अस्तर, धातूचे सामान आणि आकार देणे यांचा क्रम कसा ठेवावा? मी सपाट पत्र्यावर अस्तर चिकटवले की पत्रा वळवताना आतून सुरकुत्या येतात. दुसरी शंका घोड्यावरून येणाऱ्या पट्ट्याची आहे. तो मागच्या पत्र्यातून वर येतो तिथे रिव्हॉल्व्हरच्या डाव्या अंगाची, नळी उघडायच्या कुलपाची खटकी त्याला लागते असे वाटते.

रापी_आणि_आरी

क्रम असा ठेवा. प्रथम बाहेरच्या पत्र्यावरची सगळी कामे पूर्ण करावीत, म्हणजे बटणाचा तुकडा, कमरपट्ट्याची पट्टी आणि नक्षी असेल तर तीही. त्यानंतर कापसाचा बोळा फिरवून धस तपासावी. मग अस्तर चिकटवावे, दोन्ही पत्रे शिवावेत, आणि शेवटी ओले करून ठोकळ्यावर आकार द्यावा. अस्तर दिलेल्या होल्स्टरमध्ये आकार देण्याच्या आधीच धातू आत बंदिस्त झालेला असतो, म्हणूनच आर्मोरर साहेबांनी सांगितलेली चुंबकाची कसोटी इथे अधिक महत्त्वाची ठरते. लोखंड आत राहिले तर काळा डाग आतून बाहेर येतो आणि तो काढायला वावच राहत नाही. आकार दिल्यावर होल्स्टर सावलीत, हवेशीर जागी वाळवावे. वैशाखातल्या उन्हात ठेवले तर ओले कातडे आक्रसून ताठ होते आणि शिवणीवर ताण येतो.

सुरकुत्यांचे कारण असे की, वळलेल्या अवस्थेत आतल्या थराचा घेर बाहेरच्या थरापेक्षा कमी असतो. सपाट अवस्थेत दोन्ही थर सारख्याच लांबीचे चिकटवले तर वळवताना आतले जास्तीचे कातडे कुठेतरी गोळा होणारच. म्हणून बाहेरचा पत्रा होल्स्टरमध्ये जेवढा वळणार आहे तेवढा वळवून धरावा. एखादी जाड बाटली किंवा लाटण्यासारखा लाकडी रूळ आधाराला घेतला तर सोयीचे पडते. चिकटवायचे सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावावे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यावे आणि मग अस्तर मधल्या रेषेपासून कडांकडे दाबत न्यावे. कडांशी अस्तर किंचित मागे सरकलेले दिसेल असे गृहीत धरून ते आधीच मोठे कापलेले असावे आणि जास्तीचा भाग नंतर रापीने काढावा. बाहेरचा पत्रा अडीच मिलिमीटरच्या आसपास घेतला आणि अस्तर एक मिलिमीटरचे ठेवले, तर एकूण जाडी आपल्या सध्याच्या एकेरी कातड्याइतकीच राहते. पकडीची आपली शंका त्यामुळे मिटावी.

अस्तर केवळ सोल्यूशनवर कधीही सोडू नये, ही गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतो. आपण बोलतो आहोत ते ओरखड्यांविषयी, परंतु सुटलेले अस्तर ओरखड्यापेक्षा फार मोठा धोका निर्माण करते. उन्हाने सोल्यूशन सैल झाले, अस्तराला फुगवटा आला आणि हत्यार परत आत घालताना तो फुगवटा चापाच्या कडीत शिरला, तर चाप दाबला जाऊ शकतो. म्हणून होल्स्टरच्या तोंडाशी अस्तर आणि बाहेरचा पत्रा यांना सलग शिवण घालावी आणि तिचे टाके जवळजवळ असावेत. चापाच्या कडीसमोर येणाऱ्या भागात खळगा, रिव्हेट, वेगळे ठिगळ यांपैकी काहीही ठेवू नये. तिथे दोन्ही थर अखंड आणि ताठ असले पाहिजेत आणि चापाची कडी पूर्णपणे झाकली गेली पाहिजे. होल्स्टर जुने झाले, तोंडाशी कातडे मऊ पडून आत दुमडू लागले, तर ते दुरुस्त न करता बदलून द्यावे. रिकामे करून आणलेले हत्यार मालकानेच आपल्यासमोर हळू आत घालून पाहावे आणि कुठेही अडथळा जाणवला तर होल्स्टर परत घ्यावे.

खटकीविषयी आपली शंका रास्त आहे. नळी खाली झुकवून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये कुलपाची खटकी डाव्या अंगाला, घोड्याच्या शेजारी असते, आणि उजव्या कमरेला लावलेल्या होल्स्टरमध्ये ते अंग शरीराकडे येते. पट्टा तिच्यावर ताणून बसला तर ओढताना दर वेळी खटकी घासली जाते, आणि ताण योग्य दिशेने आला तर कुलूप सैल होण्याचीही शक्यता राहते. पट्ट्याचे मूळ खटकीच्या मागे, मुठीच्या बाजूला बोटभर सरकवावे, म्हणजे पट्टा घोड्याच्या मागच्या उतारावरून जाईल. मागचा पत्रा त्या ठिकाणी थोडा उंच ठेवला तर खटकीला सलग, सपाट कातड्याचा आधार मिळतो आणि कमरेचा घामही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सध्याच्या ठोकळ्यावर मात्र हे तपासता येणार नाही, कारण त्यावर खटकी नाही. सुताराला सांगून ठोकळ्याच्या त्या जागी एक लाकडी उंचवटा बसवून घ्या, त्याच्या टोकावर लॅकरचा ताजा हात द्या आणि पट्टा लावून-काढून लॅकर कुठून उडते ते पाहा. मूळ किती सरकवायचे त्याचे माप तिथूनच मिळेल.